एक बेडूक गेला, दुसरा आणला, तोही गेला: छोट्या आफ्रिकी बेडकांच्या टाकीत नेमकं काय बिघडतं

"आणला तेव्हा छान होता. खात होता, पोहत होता. परवा तळाशी पडून राहिला आणि आज सकाळी गेला. टाकी घासून घेतली, खडे उकळले, नवं पाणी भरलं. लेक रडून बेजार, म्हणून शनिवारी दुसरा आणला. दोन आठवड्यांत तोही गेला. आता पाण्यात औषध कोणतं टाकू?"

अमेरिकेतल्या मराठी घरांमधून हा प्रश्न थोड्याफार फरकाने सतत येत असतो. बेडूक बहुधा कुणीतरी वाढदिवसाला दिलेला असतो, नाहीतर मॉलमधल्या ठेल्यावरून घेतलेला. चार इंची चौकोनी प्लास्टिकची डबी, तळाशी रंगीत खडे, एक बांबूची काडी आणि दोन इवलेसे बेडूक. आठवड्यातून दोनदा चार दाणे घाला, बाकी काही बघायला नको, असं विकणारा सांगतो. भाड्याच्या घरात कुत्र्याला परवानगी नाही, मांजराच्या केसांनी कुणाला तरी शिंका येतात, म्हणून बेडूक सोयीचा वाटतो.

औषधाकडे येऊ, पण आधी दोन गोष्टी सांगा. आणल्यापासून किती दिवसांनी मेला? आणि पहिला मेल्यावर टाकीचं काय केलंत? बहुतेक वेळा निदान या दोन उत्तरांतच सापडतं. पाणी बिघडून बेडूक मेला असेल तर टाकी घासूनपुसून चकचकीत करणं पुढच्या बेडकाच्या जिवावर उठतं. संसर्गाने मेला असेल तर न धुणं जिवावर उठतं. लोक नेमकं उलटं करतात.

आधी पुढचे पाय बघा

चारही पायांच्या बोटांमध्ये पडदे असतील तर तो छोटा आफ्रिकी बेडूक, शास्त्रीय नाव हायमेनोकायरस. मूळचा काँगोच्या खोऱ्यातला, पूर्ण वाढला तरी दीड इंचाच्या आसपास. पुढची बोटं सुटी असतील तर तो झेनोपस, म्हणजे नखवाला आफ्रिकी बेडूक. पांढरा, लाल डोळ्यांचा बेडूक "छोटा" म्हणून विकला असेल तर तो झेनोपसच असणार. हा चार-पाच इंचांपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो, त्यात छोटा बेडूकही आला. "दोन होते, एक नाहीसाच झाला" या तक्रारीमागे एकतर हा असतो, नाहीतर उघडं झाकण. उडी मारून बाहेर पडलेला बेडूक सोफ्याखाली काही तासांत सुकून जातो.

दोघांना एकत्र ठेवू नये याचं आणखी एक कारण म्हणजे तापमान. छोट्याला ७५ ते ८० अंश फॅरनहाइट (२४ ते २७ सेल्सिअस) लागतं. झेनोपसला ७० च्या खालचं पाणी मानवतं. आणि कॅलिफोर्नियात राहत असाल तर झेनोपस घरात बाळगणंच बेकायदा आहे. तो निसर्गात सुटला की काय होतं हे सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधल्या लिली पाँड या तळ्याने बघितलं आहे: तिथे झेनोपस बेसुमार वाढले होते. इथून पुढचं बरंचसं छोट्या बेडकाबद्दल आहे, कारण मरतो जास्त तोच.

दोन-तीन दिवसांत गेला असेल तर

पाणी कुठलं घातलं ते आठवा. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ते त्याच्या कातडीतून आत जातं, क्षारांची देवाणघेवाणही तिथूनच होते, श्वासाचा काही भागसुद्धा. त्यामुळे माशाला जे थोडं त्रासदायक ठरतं ते बेडकाला फार लवकर बाधतं.

पुण्या-मुंबईत मासे पाळलेल्या माणसाला एक युक्ती ठाऊक असते: नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवायचं, क्लोरीन उडून जातो. इथे अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात आणि ते बादलीत कितीही वेळ ठेवलं तरी उडत नाही. माशांच्या दुकानात मिळणारं वॉटर कंडिशनर, म्हणजे क्लोरीन-क्लोरामाइन निकामी करणारं द्रावण, घातल्याशिवाय एक कपभर पाणीसुद्धा टाकीत जाता कामा नये. आपल्या गावच्या पाण्यात काय असतं हे पाणीपुरवठ्याच्या वार्षिक अहवालात छापलेलं असतं, एकदा वाचून घ्या.

दुसऱ्या टोकाची मंडळी बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी वापरतात, कारण ते "शुद्ध". त्यात क्षार नावालाही नसतात आणि बेडकाच्या अंगातले क्षार कातडीवाटे बाहेर झिरपत राहतात. नळाचं, कंडिशनर घातलेलं पाणी त्यापेक्षा कितीतरी बरं.

हाताला लोशन, सॅनिटायझर, भांड्याच्या साबणाचा फेस लागलेला असताना टाकीत हात घातला, टाकीशेजारी झुरळांचा स्प्रे मारला, भिंतीतल्या प्लगला सुगंधी तेलाचं यंत्र लावलं, या सगळ्याचा हिशेब याच दिवसांत लागतो. डासांच्या आणि झुरळांच्या फवाऱ्यांत असणारी पायरेथ्रॉइड गटातली रसायनं माणसाला फारशी जाणवत नाहीत, पण पाण्यातल्या जीवांना जबर विषारी असतात. टाकी साबणाने कधीच धुऊ नका. कितीही खळबळून काढला तरी त्याचा अंश सिलिकॉनच्या कडांत आणि खड्यांत राहतो.

एक ते सहा आठवड्यांत गेला असेल तर

हा सर्वांत मोठा गट आहे, आणि वर जो प्रश्न दिलाय तो याच गटातला.

बेडकाची विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजले की अमोनिया तयार होतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी, आणि ते पाणी बदलताना निघून जातं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर, काचेवर थर धरून वाढतात आणि पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दह्याला विरजण लागतं तसं टाकीला हे जिवाणू लागतात.

आता वरच्या गोष्टीत काय झालं बघा. पहिला बेडूक नव्या टाकीत आला, जिवाणू नव्हते, अमोनिया साठला, तो गेला. मग घरच्यांनी खडे उकळले, स्पंज नळाखाली पिळला, काच घासली. म्हणजे तोवर जे काही थोडेफार जिवाणू धरले होते तेही गेले. दुसरा बेडूक पहिल्यापेक्षा वाईट टाकीत आला. तिसरा आणला असता तर तोही तसाच गेला असता, आणि घरात "आपल्याला बेडूक लाभत नाहीत" असा निष्कर्ष निघाला असता. असा निष्कर्ष काढणारी आजी प्रत्येक घरात असते.

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय याला काही अर्थ नाही. अमोनियाला रंग नसतो, आणि बेडकाला मारण्याइतका अमोनिया आपल्या नाकाला कळतही नाही. तपासणीचे थेंब आणा, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात टाकून रंगावरून अमोनिया मोजायचा संच. कागदी पट्ट्या स्वस्त असतात, पण त्यांतल्या बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा रकानाच नसतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा आहे. मोजमाप साधं आहे: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वीस पीपीएमच्या (दहा लाख भागांत वीस भाग) आसपास किंवा खाली. पाण्याचा पीएच जितका जास्त तितका तोच अमोनिया अधिक विषारी, म्हणून "शेजाऱ्याकडेही इतकाच आला, त्याचा बेडूक ठणठणीत आहे" ही तुलना निरुपयोगी.

बेडूक अजून जिवंत असेल आणि अमोनिया दिसत असेल तर आज एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदला, उद्या पुन्हा तेवढंच, आकडा शून्यावर येईपर्यंत रोज. नवं पाणी कंडिशनर घातलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं असावं. सगळं पाणी एकदम ओतून देऊ नका. दाणे दोन दिवस बंद ठेवले तरी चालेल. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा.

आणि ती चार इंची डबी? तिच्यात जेमतेम लिटरभर पाणी मावतं. त्यात फिल्टर बसत नाही, हीटर बसत नाही, आणि दोन दाणे जास्त पडले की अमोनियाचा आकडा एका रात्रीत चढतो. तिला सांभाळण्याची युक्ती विचारणाऱ्यांना मी एकच सांगतो: डबी पेन्सिली ठेवायला वापरा आणि दहा गॅलनची साधी टाकी घ्या. अडतीस लिटर पाणी चुका पोटात घालतं, एक लिटर घालत नाही. उंच टाकीपेक्षा पसरट बरी, कारण हा बेडूक फुप्फुसाने श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाला त्याला वर यावं लागतं. फुटाहून खोल पाणी थकलेल्या बेडकाला झेपत नाही.

हीटरबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. न्यू जर्सी किंवा शिकागोच्या हिवाळ्यात आपण रात्री थर्मोस्टॅट खाली करून रजई ओढून झोपतो. घर ६४ अंशांवर येतं आणि टाकीही. काँगोतल्या बेडकाची पचनशक्ती आणि प्रतिकारशक्ती त्या तापमानाला मंदावते. पोटातलं खाणं तसंच पडून राहतं. जानेवारीत मरणाऱ्या बेडकांची संख्या मला जास्त दिसते, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या टाकीत थर्मामीटरसुद्धा नसतो. टाकीच्या मापाचा लहानसा हीटर आणि वेगळा थर्मामीटर, दोन्ही हवेत. हीटरवरच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका.

हळूहळू वाळत गेला असेल तर

टाकीत मासे आहेत का? असतील तर बेडूक उपाशी मेला असण्याची शक्यता दाट आहे.

या बेडकाला जीभ नसते. नजर अधू असते. अन्न तो वासाने आणि पाण्यातल्या हालचालीवरून शोधतो, सापडलं की तोंडाने ओढून घेतो आणि पुढच्या हातांनी आत कोंबतो. हे सगळं निवांत चालतं. तेवढ्या वेळात गप्पी आणि टेट्रा सगळं फस्त करून मोकळे होतात. घरातल्या माणसाला वाटतं, मी रोज घालतोय आणि रोज संपतंय. संपतंय खरं, पण वेगळ्याच पोटात जातंय.

वरून बघा. निरोगी बेडूक डोक्यामागून पसरत गेलेला, मांड्या भरलेल्या दिसतो. उपाशी बेडकाच्या कंबरेची हाडं टोचल्यासारखी वर येतात आणि डोकं अंगापेक्षा मोठं वाटू लागतं. अशा बेडकाला नुसते कोरडे दाणे पुरत नाहीत. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा ब्राइन श्रिंप (कोळंबीसारखे इवलेसे जीव) आणा, वितळवा, ड्रॉपरने किंवा लांब चिमट्याने थेट त्याच्या नाकासमोर धरा. तळाशी एक बशी ठेवून रोज तिच्यातच खाणं टाकलं तर काही दिवसांत तो तिथे येऊन बसायला शिकतो. मोठ्या बेडकाला एक दिवसाआड पुरतं, लहान असेल तर रोज. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं काढून टाका, नाहीतर उपासाचा प्रश्न सोडवताना अमोनियाचा उभा राहील.

खडे तोंडात जातील एवढे लहान असतील तर तेही बदला. खाणं ओढताना खडा आत गेला आणि अडकला की फारसा इलाज राहत नाही. एकतर बारीक वाळू, नाहीतर बेडकाच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे. मधलं माप नको.

एकामागून एक जात असतील तर

पाणी तपासलं, शून्य-शून्य आलं. हीटर आहे. सगळे खात होते. तरी एक मंदावला, त्याच्या अंगावरून कातडीचे पांढुरके पापुद्रे लोंबायला लागले, तो पाण्याबाहेर काचेला चिकटून बसू लागला, गेला. आठवड्याने दुसरा तसाच. इथे कायट्रिड बुरशीचा संशय धरायलाच हवा.

या बुरशीचं पूर्ण नाव बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. १९९८ साली ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या बेडकांच्या सामूहिक मृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला आणि १९९९ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं, तेही वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका निळ्या विषारी बेडकावरून. म्हणजे पाळीव आणि बंदिस्त बेडकांशी तिचं नातं पहिल्यापासूनचं आहे. २०१९ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा उभयचरांच्या ५०१ जातींच्या घसरणीशी तिचा संबंध दिसला, त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्याचं मानलं गेलं. जगभर ती पसरण्यात बेडकांच्या व्यापाराचा मोठा वाटा आहे. १९३० च्या दशकापासून गर्भधारणा तपासण्यासाठी झेनोपस बेडूक आफ्रिकेतून देशोदेशी नेले जात होते, आणि जुन्या नमुन्यांत १९३८ सालच्या एका झेनोपसवर ही बुरशी सापडली आहे. आपला सह्याद्रीही सुटलेला नाही. घाटाच्या उत्तर भागातल्या बेडकांवर ती आढळल्याचं २०१३ साली प्रसिद्ध झालं.

ती मारते कशी हे कळलं की लक्षणं समजतात. बुरशी कातडीच्या वरच्या थरात वाढते. कातडीतून क्षारांची जी ये-जा चालते ती बिघडते, रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम उतरतं आणि शेवटी हृदय थांबतं. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकांवरच्या अभ्यासातून २००९ साली हे दाखवून दिलं गेलं. म्हणूनच बेडूक वरून धडधाकट दिसत असतो आणि दोन दिवसांत आटोपतो. तिला १७ ते २५ अंश सेल्सिअसचं पाणी सर्वांत मानवतं, म्हणजे हीटर नसलेली टाकी तिच्या सोयीची. पण पाणी तापवून बुरशी मारण्याच्या फंदात घरी पडू नका, आधी बेडूक मरेल.

खात्रीसाठी कातडीवरून कापसाचा बोळा फिरवून पीसीआर तपासणी करतात. बेडूक बघणारा डॉक्टर सहज सापडत नाही हे खरं आहे. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या डॉक्टरांची एआरएव्ही नावाची संघटना आहे, तिच्या संकेतस्थळावर आपल्या राज्यातले डॉक्टर शोधता येतात. उपचार इट्राकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या अगदी पातळ द्रावणात रोज काही मिनिटं बेडूक ठेवून करतात. प्रमाण डॉक्टरनेच ठरवायचं, कारण जास्त झालं तर औषधच बाधतं. टाकीतल्या सगळ्या बेडकांना ते द्यावं लागतं, निरोगी दिसणाऱ्यांनासुद्धा. आणि उपचार झालेला बेडूक त्याच न धुतलेल्या टाकीत परत सोडला तर सगळं मुसळ केरात.

आता तो सुरुवातीचा प्रश्न: पाण्यात औषध कोणतं टाकू? माशांच्या औषधांपैकी तांबं असलेली औषधं बेडकाला विषारी आहेत. बाकीचीही माशांच्या कातडीचा विचार करून बनवलेली असतात. निदानाशिवाय काहीच टाकू नका. अमोनियावर बाटलीतलं औषध नाही, उपासावर तर नाहीच.

पोट फुगलंय

बेडूक फुग्यासारखा ताणला गेलाय, पाय बाजूला फेकले गेलेत, तळाशी जाता येत नाही: ही जलोदरासारखी अवस्था आहे. मूत्रपिंड, जिवाणूंचा संसर्ग, गाठी, यांपैकी काहीही मागे असू शकतं. डॉक्टर सुईने पाणी काढतात आणि बेडकाला बरं वाटतं, पण बरेचदा ते पुन्हा भरतं. सुई टोचण्याचे व्हिडिओ बघून स्वयंपाकघरात प्रयोग करू नका. अंडी धरलेली मादीही गोल दिसते, पण ती खालच्या बाजूला भरलेली असते, मऊ असते, आणि नेहमीसारखी खाते-पोहते.

पोटावर आणि मांड्यांच्या आत लाली पसरली असेल तर रक्तात संसर्ग गेला असण्याची शक्यता असते. एरोमोनाससारखे जिवाणू कुठल्याही टाकीत असतातच, बेडूक अशक्त झाला की डाव साधतात. यावर डॉक्टरकडून प्रतिजैविक, आणि तेही लवकर. डॉक्टरचं बिल बेडकाच्या किमतीच्या कित्येक पट होईल. पैसे घालायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण चार बेडूक एकत्र असतील तर एकावर केलेला खर्च उरलेल्या तिघांचं निदान करून देतो, एवढं लक्षात घ्या.

हे आजार नाहीत

अंगावरून पातळ पापुद्रा सुटतोय आणि बेडूक तो ओढून खातोय: कात टाकणं, नेहमीचं. रोगात ती तुकड्यातुकड्यांनी लोंबत राहते आणि तो खात नाही. पुढच्या पायांच्या मागे दोन्ही बाजूंना पांढरट-गुलाबी पुटकुळी दिसते: नर आहे, ती ग्रंथी आहे, मलम लावू नका. हातपाय पसरून एका पायावर तरंगतोय: आवडती बैठक आहे. रात्री फ्रीजसारखी गुणगुण ऐकू येतेय: नर गातोय.

जाताना आणि गेल्यावर

बेडूक वाचणार नाही हे डॉक्टरने सांगितलं तर शेवट सुखाचा करायची सोय त्याच्याकडेच असते. भूल देऊन ते करतात. घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला की झोपेत जातो, हा सल्ला फार फिरतो आणि तो चुकीचा आहे. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशन ही पद्धत मान्य करत नाही.

मेलाच आहे ना, याची खात्री करा. गारठलेला बेडूक तासन्‌तास हलत नाही. कंडिशनर घातलेल्या उथळ पाण्यात, नाक वर राहील असा ठेवा, खोलीच्या उबेत हळूहळू येऊ द्या, गळ्याखालची धडधड बघा. शरीर ताठरलं, डोळे ढगाळले, वास आला, मग शंका नाही.

एकापेक्षा जास्त बेडूक गेले असतील तर शवविच्छेदन करून घेणं फार उपयोगी. बेडकाचं शरीर झपाट्याने सडतं, पाण्यात तर काही तासांत. लगेच बाहेर काढा, ओल्या टिश्यूत गुंडाळा, झिपच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नको, गोठवलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येत नाहीत. डॉक्टरमार्फत राज्याच्या पशुरोग प्रयोगशाळेत किंवा व्हेटरिनरी कॉलेजात पाठवता येतं का ते त्याच दिवशी विचारा. टाकीतल्या पाण्याची बाटलीभर बाजूला काढून ठेवा आणि ती तपासा, टाकी धुण्याआधी.

टॉयलेटमध्ये फ्लश करू नका. टाकीचं पाणी मागच्या अंगणात, ओढ्यात ओतू नका. संसर्गाचा संशय असेल तर पाण्यात ब्लीच घालून, अर्धा तास ठेवून मगच सिंकमध्ये सोडा, आणि ते सिंक स्वयंपाकघरातलं नको. या बेडकांवर साल्मोनेला असतो. २००८ ते २०११ या काळात अमेरिकेत याच छोट्या बेडकांमुळे शेकडो जण आजारी पडले, त्यांत लहान मुलं जास्त होती. पाच वर्षांखालच्या मुलांनी टाकीत हात घालू नये, बाकीच्यांनी घातला तर नंतर साबणाने धुवावा.

पुरायचं असेल तर कुंडीत किंवा अंगणात खोल पुरा, पाण्यापासून लांब. मुलांना "तो फिरायला गेलाय" सांगून त्याच रंगाचा दुसरा आणून ठेवण्याची धांदल पालक करतात. ठिपक्यांवरून मुलं ओळखतात. मेला म्हणून सांगा, रडू द्या. सात-आठ वर्षांच्या मुलाला अमोनियाचे थेंब मोजायला दिलेत तर तो आपल्यापेक्षा नीट मोजतो.

पुन्हा आणायचा असेल तर

अमोनियाने गेला हे पक्कं असेल आणि संसर्गाची काही खूण नसेल तर टाकी मोडू नका. फिल्टर चालू ठेवा, पाणी बदलत राहा आणि जिवाणूंना खायला चिमूटभर माशाचं खाणं किंवा बाटलीतला शुद्ध अमोनियम क्लोराइड घालत राहा. घातलेला अमोनिया चोवीस तासांत पुरता जिरून अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य दिसू लागलं की टाकी मुरली.

संसर्गाची शंका असेल, किंवा काहीच कळत नसेल, तर पूर्ण निर्जंतुक करा. स्पंज, लाकूड, झाडं, खडे फेकून द्या. काच, हीटर, जाळी यांना बिनवासाचं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रावणात किमान पंधरा मिनिटं बुडवा. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. मग भरपूर पाण्याने धुवा, कंडिशनरच्या पाण्यातून काढा आणि कडकडीत वाळू द्या. वाळणं या बुरशीला सोसत नाही. पण एवढं केल्यावर टाकी पुन्हा कोरी झाली, म्हणजे चार-सहा आठवड्यांची प्रतीक्षा पहिल्यापासून. हा टप्पा गाळून शनिवारी दुकानात जाणारे पुढच्या महिन्यात मला पुन्हा लिहितात.

विकत घेताना दुकानाच्या टाकीतला एकही बेडूक मेलेला किंवा पापुद्रे लोंबणारा दिसला तर त्या टाकीतला कुठलाच घेऊ नका. दोन-तीन एकदमच आणा, कारण नंतर भर घालायची झाली तर नव्याला दोन महिने वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने आणि वेगळ्या ड्रॉपरने सांभाळावं लागतं. आणि आणल्याची तारीख टाकीवर चिकटवा. पुढे काही झालंच तर माझा पहिला प्रश्न तोच असणार आहे.